पोटरीचा घेर

"पोटरी अठ्ठावीस," खाली बसलेली मेडिकल कॉलेजची मुलगी म्हणाली, आणि तिनं टेप सोडलीच नाही. तशीच गुंडाळलेली ठेवून तिनं मान वर केली. "मॅडम, हे बघा तरी. दुसरीतला मुलगा आहे. पोटऱ्या बघा याच्या, पहिलवानाच्या आहेत नुसत्या."

रांगेतली पोरं हसली. माझा धीरूही हसला आणि आपली पोटरी आपल्याला दिसते का ते वाकून वाकून बघायला लागला. मी टेबलाशी बसून आकडे लिहीत होते. अठ्ठावीसातला दोन लिहून झाला होता, आठ लिहिताना पेन अडलं. झटकलं, पुन्हा टेकवलं.

"लिहिलंत ना, वहिनी?" त्या मुलीनं विचारलं.

"लिहिलं," मी म्हणाले.

त्या शनिवारी मेडिकल कॉलेजची माणसं शाळेत आली होती. शाळेच्या वयाच्या मुलांची उंची, वजन, दंडाचा घेर, पोटरीचा घेर आणि हाताची पकड अशी मापं घेत ती कोल्हापुरातल्या शाळाशाळांतून फिरत होती. भरभर लिहिणाऱ्या चार आया पाहिजेत, अशी सूचना शाळेनं काढली, तेव्हा सगळ्यांत आधी नाव दिलं ते मी. बाईंना वाटलं, काय हौशी आई आहे. मला फक्त इतर मुलांचे आकडे बघायचे होते. दुसरीतल्या मुलाची पोटरी किती असते, पकड किती असते. धीरूच्या शेजारी ठेवून बघायला माझ्याकडे दुसरं मूल नव्हतं.

सकाळपासून मी लिहीत होते. बावीस, तेवीस, साडेबावीस. एक गुबगुबीत मुलगा पंचवीस. आणि धीरू अठ्ठावीस, तोही अंगानं बारीक.

माझ्या धाकट्या भावाच्या, नंदूच्या, पोटऱ्या अशाच होत्या. भरलेल्या, टणक. सोलापूरला आमच्या घरी येणारंजाणारं कौतुक करायचं. मग तो पळताना पडायला लागला. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहायला लागला. चौथीत त्याचं चालणं थांबलं. कॉलेजात जायच्या वयाचा झाला तेव्हा तो गेला. पोटऱ्यांतला तो भरीवपणा ताकदीचा नव्हताच. आतला स्नायू मरत होता आणि त्याच्या जागी चरबी साठत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

हा आजार आईकडून मुलाला मिळतो. बहिणीला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या अंगात तो लपून असू शकतो आणि पुढे तिच्या मुलात उमटू शकतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हे आम्हाला वर्गात शिकवलं. त्या संध्याकाळी घरी गेले तर नंदूनं खुर्चीतून नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, आज काय शिकवलं?" मी म्हटलं, "काही विशेष नाही."

माझं लग्न ठरवताना नंदू तापानं गेला, एवढंच आमच्याकडून सांगितलं गेलं. ते खोटं नव्हतं. शेवटी छातीत कफ भरून त्याला तापच आला होता. माझ्या सासरच्यांनी, खराड्यांनी, आणखी काही विचारलं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही. नंतर धीरू झाला. तेव्हापासून मी त्याच्याकडे बघत होते. तो रांगला कधी, उभा राहिला कधी, जिना चढताना कठड्याला धरतो का, शर्यतीत कितवा येतो. त्या वर्षी बघणं जास्तच वाढलं होतं, कारण नंदूचं सगळं याच वयात सुरू झालं होतं.

पकड मोजायचं यंत्र माझ्याच टेबलापाशी होतं. लोखंडी मूठ, वर घड्याळासारखी तबकडी. मूठ आवळली की काटा पुढे सरकायचा. ते डॉक्टर मुल्ला मॅडम स्वतः हाताळत होत्या. चाळिशीच्या, मऊ बोलणाऱ्या, मुलांच्या डॉक्टर. मुलांना ते यंत्र फार आवडलं होतं. दात-ओठ खाऊन, एक डोळा मिटून पोरं दाबत होती आणि काटा कुठे गेला म्हणून तबकडीत डोकं घालत होती. दहा, नऊ, अकरा. एका मुलीनं बारा केले, तेव्हा मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली.

"चल रे, पहिलवान," मॅडम धीरूला म्हणाल्या. "सगळा जोर लाव. मोडलं तर मी भरून देईन."

धीरूनं मूठ धरली. माझ्याकडे बघितलं. मग दाबली.

काटा चारावर जाऊन थांबला.

"अरे, खरोखर दाब. घाबरू नकोस."

पुन्हा त्यानं माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाबलं. चार. डाव्या हाताचे साडेतीन. मागचा मुलगा खिदळला, "खराड्या, जेवला न्हाईस काय?" धीरू काहीच बोलला नाही. एरवी तो बोलण्यात कुणाला ऐकणारा नव्हता.

मॅडमनी माझ्यासमोरचा कागद स्वतःकडे फिरवला, पोटरीच्या रकान्यावर बोट ठेवलं, मग पकडीच्या. पुढच्या मुलाला थांबायची खूण केली.

"तुमचाच का हा?"

"हो."

"सोमवारी ओपीडीत घेऊन या याला. मी असते सकाळी."

"काही आहे का मॅडम?"

"बघू. पोटरी एवढी मोठी आणि पकड एवढी कमी, हे जरा जुळत नाही. बघितलेलं बरं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "यंत्राला बिचकतात काही मुलं. लगेच मनाला लावून घेऊ नका."

मी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. उरलेल्या सगळ्या मुलांचे आकडे मी लिहिले. बरोबर लिहिले असतील अशी आशा आहे.

घरी पोचेपर्यंत धीरू माझ्या पुढे पुढे चालत होता आणि मी त्याच्या टाचांकडे बघत होते. टाच टेकते का. नंदू शेवटी चवड्यावर चालायचा. टेकत होती. पुढच्या पावलाला टेकली नाही असं वाटलं. मग पुन्हा टेकली.

आमच्या घरात आम्ही चौघं. मी, माझा नवरा रणजित, धीरू आणि सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. आबा जुने पहिलवान. गल्लीतल्या तालमीत पोरांना शिकवायचे. तिथं त्यांना सगळे वस्ताद म्हणत. नातू झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याच्या मापाचा लंगोट शिवून घेतला. धीरू पाच वर्षांचा झाला तसे ते त्याला तालमीत न्यायला निघाले. मी आडवी आले. अभ्यास आहे, मातीनं खोकला होतो, हात-पाय मोडतील, काय वाट्टेल ते सांगितलं. खरं कारण एकच होतं. असल्या मुलाला अंगमेहनत घातक असते. जेवढं ताणावं तेवढं लवकर तुटतं. पण हे कसं सांगणार? आबा "बरं" म्हणाले आणि लंगोट पेटीत ठेवून दिला. त्यानंतर रोज पहाटे ते त्याला फक्त कट्ट्यावर दूध प्यायला न्यायचे. आमच्याकडे म्हशी चौकातल्या कट्ट्यावर आणून समोर धार काढून देतात. फेस आलेलं गरम दूध तिथंच उभ्यानं प्यायचं. दुधाला माझी ना नव्हती.

त्या दुपारी धीरूनं उंबऱ्यातूनच बातमी दिली. "आबा, माझी पोटरी वर्गात एक नंबर. अठ्ठावीस."

आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता हातातच राहिला. "अठ्ठावीस? ऐकलंस काय वृषाली? ह्या वयाला माझीबी नसंल. आणि पकड रं?"

धीरू चप्पल काढायला खाली वाकला. "चार."

"चार काय?"

"चार किलो."

आबांनी धीरूकडे बघितलं. धीरूनं आबांकडे बघितलं आणि नजर फरशीवर नेली. आबा म्हणाले, "यंत्र बिघडलं असंल. सरकारी सामान," आणि पुन्हा सुपारीला लागले. पण कातरलेली खांडं भलत्याच मापाची पडत होती.

मी ती नजर बघितली. मला वाटलं, यांनाही कळलंय. यांच्या हातात रोज पोराचा हात असतो. यांना आधीच जाणवलं असणार आणि मला सांगत नाहीत.

रविवारी मी धीरूला एक मिनिट सोडलं नाही. सकाळी पाय दुखतात म्हणाला. नंदूही म्हणायचा. दुपारी नेहमीपेक्षा लवकर झोपला. मी शेजारी बसून त्याच्या पोटऱ्या दाबून बघितल्या. टणक. चांगल्या टणक का वाईट टणक, ते बोटांना कुठं कळतं? उठल्यावर मी त्याच्यासमोर फरशीवर गोट्या मांडल्या.

"तू खेळणार, आई?" त्याला नवल वाटलं.

"मग? आम्ही खेळायचो लहानपणी."

खेळ कुठला, मला त्याला जमिनीवरून उठताना बघायचं होतं. एक गोटी मी मुद्दाम कपाटाखाली ढकलली. "जा, आण बघू."

त्यानं आधी एक हात फरशीला टेकला. मग गुडघ्यावर ठेवला. मग दुसरा हात मांडीवर, आणि तोंड वेडंवाकडं करत, स्वतःला रेटत तो उभा राहिला.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी नव्हतीच घासायला. नुसता नळ.

रणजित रविवारचीही पाळी करून कारखान्यातून आला तो माझ्या चेहऱ्यावरून समजला. "आता काय झालं?"

"उद्या धीरूला डॉक्टरांकडं न्यायचंय. शाळेतल्या तपासणीत पकड कमी भरली."

"काल आबा म्हणाले मला. यंत्र बिघडलं होतं म्हणून."

"बाकी सगळ्यांना कसं चाललं मग?"

"वृषा, तुला सारखं काहीतरी दिसतंच. मागं तो बोबडं बोलतो म्हणून नेलास, त्याच्या आधी घोरतो म्हणून. एक निरोगी पोरगं दवाखान्यात बसवून बसवून आजारी पाडशील."

मी म्हणणार होते, नंदू तापानं गेला नाही. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण त्याच वेळी आबा आत आले, पाणी प्यायले, आणि तांब्या ठेवताना म्हणाले, "उद्या मीबी येतो दवाखान्यात."

"तुम्ही कशाला आबा? गर्दी असते. रांगेत उभं राहायला लागतं."

"राहीन की. आखाड्यात उभा राहिलोय, रांगेला काय हुतंय?"

ते का येत होते मला कळेना. मी रात्रभर एकच विचार करत राहिले. डॉक्टर काय विचारणार ते मला ठाऊक होतं, आणि ते आबांच्या समोर विचारणार होते.

मुल्ला मॅडमची खोली लहान होती. एक टेबल, एक पलंग, भिंतीवर पिवळी पडलेली लसीकरणाच्या तारखांची पत्रकं. आबा दाराजवळच्या बाकावर बसले, हातात टोपी. धीरू माझ्या खुर्चीला टेकून उभा.

मॅडमनी जन्म, वजन, चालायला कधी लागला, पडतो का, सगळं विचारलं. मी पटापट उत्तरं देत होते, म्हणजे पुढचा प्रश्न लवकर संपेल असं काहीतरी मला वाटत असावं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"घरात कुणाला असा काही त्रास होता का? हातापायाची ताकद जाणं, चालणं बंद होणं? तुमच्या माहेरी विचारतेय मी मुख्यतः. भाऊ, मामा?"

मागं आबांनी पाय हलवला. चपलेचा आवाज झाला.

मी धीरूच्या डोक्यावर हात ठेवला. "भावाला होता," मी म्हणाले. "सख्ख्या भावाला. दहाव्या वर्षी चालणं गेलं. सतराव्या वर्षी तो गेला. पोटऱ्या अशाच होत्या त्याच्या."

मी मागं वळून बघितलं नाही. मॅडमनी लिहून घेतलं, आणि त्यांचा आवाज आणखीच मऊ झाला. त्या आवाजानं मला जास्त भीती वाटली.

"धीरू, बाळा, इथं फरशीवर बैस बघू मांडी घालून. हं. आता ऊठ."

तो बसला आणि उठला. फरशीवर हात. गुडघ्यावर हात. मांडीवर हात. काल केलं तसंच, तसंच तोंड वाकडं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी पुन्हा पेन उचललं.

"मॅडम," मागून आबा म्हणाले.

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. घोगरा, पडलेला. ते उठून उभे राहिले होते, टोपी दोन्ही हातांत पिळत.

"मॅडम, ते पायावर हात ठिवून उठतंय न्हवं, ते बैठकांनी. परवाच्या दिवशी वाढवल्या मी त्याच्या बैठका. मांड्या भरल्यात पोराच्या. बैठका वाढवल्या की पोरं सगळी अशीच उठत्यात चार दिस."

"कसल्या बैठका?" मॅडमनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली.

"तालमीत येतंय ते. वरीस झालं. रोज पहाटं. दुधाला म्हणून न्हेतो आणि आधी तालमीत जातो आम्ही. तिथंच न्हाऊ घालून, डोकं पुसून आणतो. हिला आवडत न्हाई म्हणून सांगितलं न्हाई. पोरालाबी बजावलंय, आईला कळता कामा न्हाई."

मी खुर्चीत अर्धी वळले होते. त्याच्या कानामागं कधीकधी लाल माती सापडायची आणि मी ती खेळाच्या मैदानाची समजून धुऊन टाकायची. केसांना तालमीच्या मातीत घालतात त्या ताकाचा आंबूस वास यायचा. म्हशीपाशी उभा राहतो, म्हणून येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. मी, जिला सगळं दिसायचं.

"म्हणून तू दाबलं नाहीस?" मी धीरूला विचारलं. "शनिवारी?"

त्यानं आबांकडे बघितलं.

"सांग," आबा म्हणाले. "आता सगळं फुटलंय."

"तू तिथं लिहायला बसली होतीस," धीरू म्हणाला. "जास्त आलं असतं तर तुला समजलं असतं ना, ही ताकद कुठनं आली."

मॅडमनी चष्मा काढला, डोळ्यांच्या कडा पुसल्या, पुन्हा घातला. कपाटातून त्यांनी ते यंत्र काढलं आणि धीरूच्या हातात दिलं. धीरू उभाच. आबांकडे बघत.

"दाब रं," आबा म्हणाले. "पोटात हवा धर आणि दाब."

काटा इतका पटकन गेला की मला आकडा दिसलाच नाही. मॅडम म्हणाल्या, "चौदा." मग डाव्या हाताचे तेरा.

"आणि पोटरीचं म्हणाल," आबांना आता धीर आला होता, "तर हे बघा." त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि पाय पुढे केला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ती पोटरी दगडी बांधासारखी होती. "ही आमच्या घरातली हाय. माझ्या बापाची अशीच हुती. टेप लावा, मापून घ्या. लिहून ठिवा तुमच्या कागदात."

"राहू द्या आबा," मी म्हणाले.

"घेते मी माप," मॅडम म्हणाल्या, आणि खरोखरच खाली बसून त्यांनी टेप लावली. मग उठताना गंभीर झाल्या. "पण रक्त मी तपासणार आहे. भावाला होतं म्हणजे सोडून देता येत नाही. आणि बैठका तोवर बंद. आबा, ऐकताय ना?"

"बंद," आबा म्हणाले.

धीरूच्या रक्ताचा निकाल आठवड्याभरात आला आणि तो साफ होता. आज तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे आणि पुण्यात नोकरी करतो. माझी तपासणी पुढे कधीतरी मुंबईला नमुना पाठवून झाली. तो निकाल तसा आला नाही. जे नंदूत उमटलं ते माझ्यात आहे; धीरूला ते आलं नाही, इतकंच. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी त्या खोलीत आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तुमचाही हात बघू," मॅडम म्हणाल्या. "कधीकधी बहिणीच्याही स्नायूंत थोडा अशक्तपणा असतो."

मी मूठ धरली आणि दाबली. धीरू तबकडीत डोकावला. "छत्तीस," तो म्हणाला. "आबा, छत्तीस."

"बायकांत एवढी ताकद क्वचितच बघते मी," मॅडम म्हणाल्या. "काही खेळायचात का कॉलेजात?"

"नाही. भावाला उचलायचे. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत."

मॅडमनी मान हलवली आणि रक्ताची चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर रक्त घ्यायच्या खिडकीसमोर आमच्या पुढे बरीच माणसं होती. आबा बाकावर बसले. मी त्यांच्यापासून एक जागा सोडून बसले. मध्ये धीरू. थोड्या वेळानं तो उठून पाण्याच्या टाकीकडे गेला. आता मध्ये काहीच नव्हतं.

"लग्नाच्या वेळंला सांगितलं न्हाईसा," आबा म्हणाले. समोर बघत.

"नाही."

"तुझे वडील माझ्या ताटाला ताट लावून जेवले गं. तापानं गेला म्हणाले."

"हो."

"सांगितलं असतं तर आम्ही पुढच्या गावाला गेलो असतो."

"माहीत आहे," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "तुम्ही तरी कुठं सांगितलंत? वर्षभर दूध, दूध."

आबांनी नाकानं आवाज केला. हसू होतं की राग, ओळखता आलं नाही. खिडकीतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. रांग एक माणूस पुढे सरकली, आम्ही बसूनच राहिलो.

"कितीसा हुता त्यो? वजनाला?" त्यांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. "कोण?"

"तुझा भाऊ."

"शेवटी पंचेचाळीसच्या आसपास. औषधांनी फुगला होता."

"आणि तू?"

"तेवढीच."

आबांनी त्यावर विचार केला. एखाद्या कुस्तीबद्दल करावा तसा. "जोड बरोबरीची हुती म्हंजे. कसं उचलायचीस? कमरंला धरून?"

"काखेतून. त्याचे हात माझ्या गळ्यात टाकायचे आणि मग उठायचे."

"गळ्याला धरून ऱ्हायचा?"

"आधी राहायचा. नंतर नाही. हात घसरायचे त्याचे. मग त्याचे हात माझ्या पाठीवर नेऊन तेही मीच धरायचे. तो हसायचा. म्हणायचा, ताई, तू आणि मी मिळून तूच उचलतेस." या घरात आल्यापासून मी हे वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं धीरूच्या टाचा बघताना, गुडघे बघताना मला नंदूचे फक्त पाय आठवत होते. तो हसायचा, हे मी विसरूनच गेले होते. "फार हसवायचा तो, आबा. बसल्या बसल्या सगळ्या गल्लीची नक्कल करायचा."

आबांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"नाव काय त्याचं?"

"नंदकुमार. नंदू म्हणायचो."

धीरू ओल्या हनुवटीनं परत आला आणि आमच्यामध्ये घुसून बसला. "कोण नंदू?"

आबा माझ्याकडे बघत होते, मी बोलायची वाट बघत.

"तुझा मामा," मी म्हणाले.

"मला मामा आहे?"

खिडकीतून धीरूचं नाव पुकारलं. मी उठले, त्याच्या शर्टाची बाही वर सरकवली. "चल," मी म्हणाले. "सुई टोचताना त्यांच्याकडं बघू नकोस, माझ्याकडं बघ. मी सांगते तुला तो कसा होता ते."